मांजर तोंड उघडून धापा टाकतंय, उकाडा की दुसरं काही? (अंजर्ले, ता. दापोली)

आगरातली:

नमस्कार मंडळी. आम्ही अंजर्ल्यात राहतो. घर चिऱ्याचं, मागे नारळी-पोफळीचं आगर. आमची चिंगी साधारण पाच वर्षांची, देशी, करड्या पट्ट्यांची, ऑपरेशन झालेली. दिवसभर आगरात आणि गडग्यावर असते, रात्री घरात झोपते.

परवा भर दुपारी ती आगरातून धावत आली, पडवीत बसली आणि कुत्र्यासारखी जीभ बाहेर काढून धापा टाकायला लागली. असं तिला कधीच पाहिलं नव्हतं. काही मिनिटांत तोंड मिटलं, नंतर लादीवर आडवी पडून राहिली. तेव्हापासून मन स्वस्थ नाही. खाणं कमी झालंय. बांगडा तिचा जीव की प्राण, तो शिजत असला की पायांत घोटाळते, पण काल वाटीत अर्धा तसाच राहिला. रात्री मधेच उठून पुढे वाकते, मान लांब करून जमिनीलगत नेते आणि खाकरल्यासारखा आवाज काढते. बाहेर काहीच पडत नाही.

सासूबाई म्हणतात केसांचा गोळा अडकलाय, तुपाचं बोट चाटव. मिस्टर म्हणतात मे महिना आहे, दुपारची लाइट नसते, आपल्यालाच धाप लागते तर तिचं काय. शेजारच्या हापूसच्या बागेत फवारणी चालायची, ती शंका माझ्या मनात आहे.

आज रविवार. दापोलीचा सरकारी दवाखाना उद्या उघडेल. गाडीत बसवलं की ती घाबरून ओरडते, म्हणून उगाच न्यायचं जिवावर येतं. उद्यापर्यंत थांबू का? घरी काही करता येईल का?

———

वेंगुर्लेकर:

ताई, आमच्याकडे मागच्या उन्हाळ्यात बोका पत्र्याच्या खोलीत अडकला होता. दार उघडलं तेव्हा तोंड उघडं, लाळ गळतेय, हिरड्या लालभडक, चालताना झोकांड्या. तो उष्माघातच होता. डॉक्टरांनी फोनवरूनच सांगितलं की सावलीत आणा, साध्या थंड पाण्याने अंग आणि पंजे ओले करा, पंखा लावा आणि तसेच घेऊन या. बर्फाचं पाणी नको म्हणाले, त्याने कातडीखालच्या रक्तवाहिन्या आकसतात आणि आतली उष्णता आतच राहते. वाचला.

तुमचंही उकाड्याचंच वाटतंय. ओल्या फडक्याने पुसा, पाणी ठेवा, आराम करू द्या.

———

राजापूरचा काका:

ताई, मी पशुवैद्य नाही. पशुसंवर्धन खात्यात पशुधन पर्यवेक्षक होतो, आता निवृत्त आहे. आमचं काम गाईगुरांचं, पण दवाखान्याच्या दारात मांजरं कायम यायची आणि त्यांतली बरीच फार उशिरा यायची. म्हणून जरा सविस्तर लिहितो. वेंगुर्लेकरांनी उष्माघाताचं सांगितलं ते अगदी बरोबर आहे. पण तुमच्या वर्णनातल्या तीन गोष्टी उकाड्यात बसत नाहीत. त्या म्हणजे रात्रीचा खोकला, मंदावलेलं खाणं आणि सावलीत गेल्यावरही न गेलेला थकवा.

कुत्रा धापा टाकतो ती त्याची अंग थंड करण्याची रोजची रीत. मांजर तसं करत नाही. ते गार लादी शोधतं, अंग चाटून थुंकी सुकू देतं, पंजांच्या गाद्यांमधून थोडा घाम काढतं आणि दुपारभर हलत नाही. आपल्या किनाऱ्यावर हवा इतकी दमट असते की चाटलेलं अंग वाळतच नाही, त्यामुळे पारा फार चढलेला नसतानाही मांजराला त्रास होतो हे खरं. तरी धडधाकट मोठं मांजर तोंड उघडून श्वास घेतं ते क्वचित. खूप पळापळ झाली, जिवाची भीती वाटली, गाडीत कोंडलं, किंवा मांजरी वेत असली, तर. तेही थोडा वेळ, आणि मग सगळं पूर्ववत व्हायला हवं. स्वस्थ बसलेलं मांजर तोंड उघडून श्वास घेत असेल तर ती तातडीची वेळ समजायची. रविवार असो की गणपती.

आता आधी एक काम करा. चिंगी गाढ झोपली की तिच्या जवळ बसा, हात लावू नका. छाती वर जाऊन खाली आली की एक श्वास. घड्याळ लावून पूर्ण एक मिनिट मोजा. गुरगुरत असेल तर मोजू नका, आकडा चुकतो. स्वप्नात मिशा-पाय हलत असतील तेव्हाही थांबा. झोपेतल्या निरोगी मांजराचे श्वास मिनिटाला ३० च्या आत असतात, बरेचदा २० च्या आसपास. पुन्हा पुन्हा मोजूनही ३० च्या वर येत असेल तर डॉक्टरांना कळवायचं. ४० च्या वर असेल तर त्याच दिवशी दाखवायचं. पळून आल्यावर किंवा उन्हातून आल्यावर मोजलेल्या आकड्याला अर्थ नसतो.

मोजता मोजता श्वास कसा आहे तेही पाहा, कारण त्यावरून अडचण कुठे आहे ते बरंचसं कळतं. श्वास आत घेताना घरघर किंवा शीळ येत असेल तर नाक-घशाकडे बघायचं. सर्दी, घशात वाढलेला मांसल गोळा, अडकलेला काटा, असं काही. श्वास बाहेर टाकताना जोर लागत असेल, शेवटी पोट आवळून हवा ढकलावी लागत असेल, तर बारीक श्वासनलिका आवळल्यात, म्हणजे दम्याची शंका. आणि श्वास भरभर, उथळ, छाती पुरेशी फुगतच नाही असा असेल तर छातीच्या पोकळीत पाणी किंवा पू साठलाय का हे बघावं लागतं. फुप्फुसाला फुलायला जागाच राहत नाही. अशा मांजराला डॉक्टर सुईने ते पाणी काढतात आणि टेबलावरच त्याचा श्वास सुधारतो. मी हे पाहिलंय. निपचित पडलेलं जनावर थोड्या वेळाने मान वळवून बघायला लागतं.

हिरड्यांचा रंग बघा. ओठ हळूच वर करा, जबरदस्ती नको. गुलाबी ठीक. पांढरट असेल तर रक्त कमी, पिल्लांमध्ये पिसवा आणि गोचीडसुद्धा इतकं रक्त पितात की धाप लागते. निळसर-जांभळी असेल तर प्राणवायू कमी पडतोय, हे वाचणं सोडून निघा. चॉकलेटी झाक असेल तर विषबाधा धरून चाला.

केसांच्या गोळ्याबद्दल. गोळा काढताना मांजर पोटापासून उचंबळतं, तोंडाला लाळ येते आणि शेवटी काहीतरी बाहेर पडतं. तुम्ही लिहिलंत तसं पुढे वाकून, मान जमिनीलगत ताणून, कोरडं खाकरून काहीच न पडणं, हा खोकला आहे. लोक तो गोळा समजून महिनोन् महिने काढतात. एक गोष्ट मला डॉक्टरांनी शिकवली ती सांगतो. माणसाला किंवा कुत्र्याला हृदयविकारात खोकला येतो, मांजराला तो सहसा येत नाही. त्यामुळे खोकणाऱ्या मांजरात आधी श्वासनलिका बघतात. पण हृदय सोडून देऊ नये. मांजरात हृदयाचे स्नायू जाड होण्याचा आजार सर्वांत जास्त आढळतो आणि बाहेरून काहीच न दिसता वर्षं जातात. अशा मांजराचे मागचे पाय एकाएकी गार पडले, ओढत चालायला लागलं आणि वेदनेने किंचाळलं, तर रक्ताची गुठळी अडकलेली असते. तिथे तास मोजायचे नसतात.

तूप अजिबात चाटवू नका. दूध, मध, खोकल्याचं औषध, काहीच तोंडात ओतू नका. धाप लागलेल्या जनावराला गिळणं आणि श्वास यांचा मेळ बसत नाही, तूप फुप्फुसात उतरलं तर वेगळाच न्यूमोनिया होतो. निलगिरीची वाफ नको, कापूर नको, छातीला बाम नको. या तेलांचा निचरा मांजराच्या यकृताला होत नाही.

आकडा आणि हिरड्यांचा रंग कळवा.

———

देवगड सडा:

काकांनी विषबाधेचा उल्लेख केलाय म्हणून भर घालतो. आमची आंब्याची कलमं आहेत, त्यामुळे फवारणी रोजची. फवारलेल्या पानांवरून फिरून आलेलं मांजर पाय चाटतं, तिथून औषध पोटात जातं. त्यात नुसती धाप नसते. तोंडातून लाळेच्या तारा, डोळ्यातून पाणी, अंगाला कंप, पातळ संडास, बाहुल्या बारीक झालेल्या, असं एकदम येतं आणि काही तासांत येतं. तसं झालं तर औषधाची बाटली किंवा लेबलाचा फोटो डॉक्टरकडे घेऊन जायचा, उपचार कुठल्या गटातलं औषध आहे त्यावर ठरतो. तुमच्या मांजराला यातलं काही दिसत नाही. शिवाय मे महिन्यात काढणी चालू असताना फवारणी बहुतेक थांबलेली असते.

दुसरं, कुत्र्याच्या गोचिडाचं मानेवर टाकायचं औषध मांजराला टाकू नका, त्यात बरेचदा पर्मेथ्रिन असतं, ते मांजराला विष. आणि ताप वाटतो म्हणून पॅरासिटामॉल देऊ नका. ५०० ची एक गोळी मोठं मांजर मारू शकते. काकांनी लिहिलेल्या चॉकलेटी हिरड्या त्याच्याच.

———

आगरातली:

सगळ्यांचे खूप आभार. काका, तुमचं वाचलं आणि ती माजघरात कोनाड्याखाली झोपली होती तिथे जाऊन बसले. पहिल्यांदा ४६. थोड्या वेळाने पुन्हा मोजलं, ४४. ती हलली नव्हती, गुरगुरतही नव्हती. हिरड्या गुलाबी आहेत, जरा फिकट वाटतात, निळ्या नाहीत. श्वास सोडताना शेवटी पोटाला एक झटका बसतो, बरगड्यांच्या मागे खळगा पडतो. तुम्ही लिहिलंत म्हणून लक्ष गेलं. कान लावला तर श्वास सोडताना बारीक शीळ ऐकू येते.

लाळ नाही, कंप नाही. देवगडवाले दादा म्हणतात ते बरोबर, शेजाऱ्यांना विचारलं, त्यांची फवारणी कधीच थांबली आहे.

एक गोष्ट सुचली ती लिहिते. आमच्या न्हाणीत पाण्याची चूल आहे. पावसाच्या आधी आगरातली सोडणं (नारळाची सालं) आणि चुडती (नारळाच्या झावळ्या) संपवायच्या म्हणून सध्या तीच दिवसभर धुमसते, आणि चिंगी तिच्या कडेला ऊब घेत बसते. याचा काही संबंध असेल का?

———

राजापूरचा काका:

संबंध असू शकतो, पण तो विचार नंतर. ४४ आणि ४६, शिवाय पोटाचा जोर. ताई, आजच निघा. उद्याचा सरकारी दवाखाना उघडेल, पण तुम्हाला जिथे ऑक्सिजन आणि एक्स-रे दोन्ही आहे अशा ठिकाणी जायला हवं. दापोलीत आज कुणी खासगी डॉक्टर भेटले तर आधी त्यांना दाखवा, नाहीतर सरळ चिपळूण. 1962 हा फिरत्या पशुवैद्यकीय पथकाचा टोल-फ्री क्रमांक आहे. ते मुख्यतः गुरांसाठी धावतात, तरी जवळ कोण उपलब्ध आहे हे विचारायला फोन करून बघा.

नेण्याची रीत सांगतो, कारण वाटेतच दगावलेली मांजरं मी पाहिली आहेत. गोणीत किंवा पिशवीत घालून तोंड बांधू नका. तुमच्याकडे मांजराची पेटी नसेल तर आंब्याचे प्लास्टिकचे दोन क्रेट घ्या, एकमेकांवर उपडे तोंडाला तोंड लावा आणि चारी कोपऱ्यांना सुतळीने आवळा. सगळीकडून वारा लागतो, वरून दिसतं आणि पंजा बाहेर काढून ओरबाडता येत नाही. खाली तिचं रोजचं, तिच्या वासाचं फडकं घाला, नवं धुतलेलं नको. एका बाजूने पातळ ओढणी टाका म्हणजे तिला आडोसा वाटेल, बाकी तीन बाजू उघड्या. बर्फाच्या पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून एका कोपऱ्यात ठेवा, नको वाटलं तर ती लांब सरकेल.

गाडी आधी सावलीत लावून, एसी चालू करून गार करा, मग तिला ठेवा. ऊन उतरल्यावर जाऊ असं म्हणत थांबू नका. तिला उताणी धरायचं नाही, छातीभोवती आवळून मांडीवर घ्यायचं नाही. तिला ज्या अंगाने बसायचंय तसं बसू द्या, कोपर बाहेर काढून बसेल, तीच तिची श्वासाची सोय असते. वाटेत तोंड उघडलं तर थांबून उघड्यावर काढू नका, गाडीतले आवाज बंद करा आणि चालत राहा. धावपळ आणि भीती यांनी श्वासाची गरज वाढते, तेवढंच आपल्या हातात असतं.

तिथे पोचल्यावर लगेच सुई टोचायला किंवा फोटो काढायला आग्रह धरू नका. चांगले डॉक्टर आधी ऑक्सिजनमध्ये शांत ठेवतात, मग तपासतात. धाप लागलेल्या मांजराला एक्स-रेसाठी दाबून धरणं धोक्याचं असतं. आणखी एक विनंती, निदान होण्याआधी कुणी महिनाभर टिकणारं स्टेरॉइडचं इंजेक्शन देऊ म्हणालं तर हृदय तपासलंय का ते नम्रपणे विचारा. लपलेला हृदयविकार असेल तर ते इंजेक्शन त्याला उघडं पाडू शकतं.

तिचा आत्ताचा श्वास मोबाइलवर अर्धा मिनिट टिपून ठेवा, खोकल्याचाही असला तर उत्तम. दवाखान्यात घाबरलेलं मांजर वेगळंच वागतं.

———

वाशिष्ठीकाठ:

मी चिपळूणची. निघण्याआधी फोन करा आणि तीनच गोष्टी विचारा. आज डॉक्टर आहेत का, ऑक्सिजन आहे का, एक्स-रे चालू आहे का. पावसाआधीच्या दिवसांत इथे लाइट जाते, जनरेटरवर एक्स-रे चालतोच असं नाही. दापोलीहून दोन तास धरूनच चाला. माझ्या बोक्याला दमा आहे, त्यामुळे ही पळापळ पाठ आहे. नक्की काय निघतं ते कळवा, दमा असेल तर पुढचं सगळं सांगते, भिऊ नका. दम्याची मांजरं वर्षानुवर्षं छान जगतात.

———

आगरातली:

आलो घरी, काल रात्री उशिरा. आधी सांगते, चिंगी आहे आणि सकाळी तिने बांगड्याचं डोकं मागून घेतलं.

क्रेटची युक्ती फार उपयोगी पडली. मिस्टरांनी सुतळीने बांधले, मी मागच्या सीटवर शेजारी बसले. दापोलीच्या घाटवळणांवर ओरडली, खेडच्या पुढे गप्प झाली तेव्हा माझ्या पोटात गोळा आला, पण श्वास चालू होता, मी बोट क्रेटच्या भोकातून आत घालून ठेवलं होतं.

पोचल्यावर डॉक्टरांनी तिला काचेच्या पेटीत ठेवून नळीने ऑक्सिजन सोडला. आम्हाला बाहेर बसवलं. व्हिडिओ दोनदा बघितला आणि म्हणाले, हा मला जास्त उपयोगाचा. मग श्वासनलिका मोकळी करणारं इंजेक्शन दिलं आणि ती जरा स्थिरावल्यावरच एक्स-रे. फिल्म उजेडाला धरून दाखवली. हृदयाचा आकार बरोबर, छातीत पाणी नाही. फुप्फुसात मात्र श्वासनलिकांच्या भिंती जाड झाल्यामुळे जागोजागी रेल्वेच्या रुळांसारख्या दोन-दोन समांतर रेषा दिसत होत्या, आणि काही नळ्या समोरून कापल्यासारख्या गोल. फुप्फुसं जास्त फुगलेली, कारण आत गेलेली हवा पूर्ण बाहेर येत नाही. म्हणाले, दमाच असावा, पण जंतांनीही असंच चित्र दिसतं म्हणून सोबत फुप्फुसातल्या जंतांचं औषध दिलंय. ती पाली आणि पाखरं खाते हे मी सांगितलं होतं. रक्त तपासायला घेतलंय.

सध्या प्रेडनिसोलोन या स्टेरॉइडच्या गोळ्या. पुढे स्टेरॉइडचा पंप, तोंडाला मास्क लावून, रोज दोनदा. इथेच मला प्रश्न आहे. चिंगी नखं कापू देत नाही, ती तोंडावर मास्क लावून घेईल का? आणि चुलीचं काय करू? सासूबाईंनी कालच सांगून टाकलं की चिंगी बरी होईपर्यंत न्हाणीची चूल बंद, पाणी गॅसवर तापवू. पण पावसाळ्यात कपडे त्याच चुलीवर वाळतात, तेव्हा काय?

आज पहाटे झोपेत मोजलं, २८.

———

वाशिष्ठीकाठ:

२८ वाचून बरं वाटलं!

मास्कचं सांगते. माझा बोका अनोळखी माणसाला नख मारतो, तरी तो आता पंपाचा आवाज झाला की स्वतः येऊन बसतो. घाई केली की सगळं फिसकटतं, म्हणून गोळ्या चालू आहेत तोवरच तयारी करा. पंपातलं स्टेरॉइड पूर्ण लागू पडायला आठवडा-दोन आठवडे जातात, तोवर गोळ्याच सांभाळतात, त्यामुळे तुम्हाला वेळ आहे.

पहिले काही दिवस मास्क नुसता तिच्या खाण्याच्या वाटीशेजारी ठेवा. वास घेईल, गाल घासेल. मग मास्कच्या आत, कडेला, थोडं उकडलेल्या माशाचं पाणी लावा आणि तिला स्वतःहून तोंड आत घालू द्या. मी सुरमईचं लावायचे. तुम्ही मास्क तिच्याकडे न्यायचा नाही, ती मास्ककडे आली पाहिजे. तोंड आत घातलं की लगेच बक्षीस आणि मास्क बाजूला. हळूहळू एक श्वास, दोन श्वास, पाच श्वास. पंप आणि मास्क यांच्यामधल्या नळीवर बारीक झडप असते, श्वास घेतला की ती हलते, तीच मोजायची. औषध पूर्ण जायला सात ते दहा श्वास लागतात.

पंपाचा फुस्स आवाज मांजराला सापासारखा वाटतो. म्हणून तो आवाज आधी लांब, दुसऱ्या खोलीत करायचा आणि त्याच वेळी खाऊ द्यायचा. नंतर जवळ. औषध देताना मास्क तोंडाला लावण्याआधीच पंप नळीत दाबायचा आणि लगेच मास्क टेकवायचा, म्हणजे आवाज तिच्या नाकासमोर होत नाही. तिला भिंतीच्या कोपऱ्यात किंवा आपल्या गुडघ्यांच्या मधे, पाठ आपल्याकडे करून बसवा. समोरून मास्क घेऊन गेलात की मागे सरकते. मागे सरकायला मागे तुम्हीच असलात की बसून राहते.

माणसांच्या औषधाच्या दुकानात पंप मिळतो. मास्कसह नळी तान्ह्या बाळांची चालते, मास्क लहानातला लहान घ्या, नाक आणि तोंड दोन्ही झाकलं जाऊन कडेने हवा गळता कामा नये. मात्रा डॉक्टर सांगतील तीच. निळ्या पंपात साल्ब्युटामॉल, म्हणजे श्वासनलिका मोकळी करणारं औषध असतं, ते फक्त झटका आल्यावर. रोज द्यायचं नाही, त्याने आतली सूज जात नाही.

———

राजापूरचा काका:

ताई, देवाची कृपा आणि तुमची तत्परता. सासूबाईंना माझा नमस्कार सांगा, चूल बंद करणं सोपं नसतं.

धुराबद्दल. सोडणांचा आणि ओल्या चुडतींचा धूर दम्याला वाईटच. फक्त चूल नाही, डासांची कॉइल, संध्याकाळचा धूप, उदबत्ती, मिरचीची फोडणी, अंगाला लावायची पावडर, हे सगळं त्यात येतं. कॉइलच्या जागी मच्छरदाणी लावा, चिंगी झोपते त्या खोलीत तरी. शेगडीजवळ ठसका उठणार असेल तर आधी तिला पडवीत काढा. घरात शी-शूसाठी ट्रे ठेवत असाल तर बाजारच्या मातीची धूळ उडते, आपली पुळण (समुद्रकाठची वाळू) गोड्या पाण्याने धुऊन, वाळवून, चाळून वापरा. पावसाळ्यात चूल पेटवावीच लागेल, तर न्हाणीचं दार लावून घ्या आणि बाहेरची खिडकी उघडी ठेवा. धूर आगराकडे गेला तर चालेल, माजघरात यायला नको. चिंगीला उबेची जागा दुसरीकडे करून द्या, नाहीतर ती दारावर बसून राहील. कपडे वाळवायच्या खोलीत तिला झोपवू नका, ओल आणि बुरशी दोन्ही तिथे. भिंतींना बुरशी धरली तर ती पुसून काढताना चिंगी खोलीत नको.

वजनाकडे लक्ष द्या. जाड मांजराला दमा जास्त छळतो, आणि गोळ्यांनी भूक वाढते. आता ती भात-मासे मागत सुटेल, तिला हवं तितकं देऊ नका. जास्त पाणी प्यायला लागली, लघवी वाढली तर डॉक्टरांना सांगा, स्टेरॉइडने मधुमेह होऊ शकतो. पंपाचा आग्रह त्यासाठीच असतो, त्यातलं औषध बहुतेक फुप्फुसातच राहतं. जमेल तेव्हा एकदा हृदयाची सोनोग्राफीही करून घ्या. एक्स-रेमध्ये आकार बरोबर दिसला तरी स्नायू आतून जाड असू शकतो. कोल्हापूरला जाणं होतं तेव्हा सोबत नेता येईल, तिथे ती सोय आहे.

झोपेतला आकडा रोज एकदा, शक्यतो त्याच वेळी, कॅलेंडरवर लिहीत जा. २८ चा २२ झाला, २४ झाला तर औषध लागू पडतंय. हळूहळू वर चढत ३० ओलांडला तर झटका यायच्या आधीच फोन करता येतो. खोकला किती वेळा आला तेही त्याच चौकोनात. बसल्या जागी तोंड उघडलं, किंवा हिरड्या निळ्या झाल्या, तर आकडा मोजत बसू नका, निळा पंप द्या आणि क्रेट गाडीत घाला. ते दोन क्रेट सुतळीसकट बाजूला ठेवा, आंबे भरायला देऊ नका.

गोळ्या ती बरी दिसली म्हणून एकदम बंद करू नका, डॉक्टर सांगतील तशा कमी करत न्या. आणि पंपाची नळी आठवड्यातून एकदा साबणाच्या कोमट पाण्यात बुडवून काढा, फडक्याने पुसू नका, तशीच वाऱ्यावर वाळवा. घासून पुसलं की प्लास्टिकमध्ये वीज साठते आणि औषध तिच्या छातीत जायच्या ऐवजी नळीलाच चिकटून बसतं.